भोये गुरुजींची पेटी

भोये गुरुजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला घेतली की समजून जायचं, प्रकरण रंगात आलंय. आवणीला भाताच्या चिखलात उतरण्याआधी माणूस दुमडतो तशी, घडीवर घडी, दोन्ही पाय सारखे. मग पुढ्यात चिखल असो नाहीतर कॉम्प्युटर. भर दुपारी जव्हारच्या त्यांच्या घरात, खुर्चीत बसलेला सत्तरीकडे झुकलेला माणूस नडग्या उघड्या टाकून स्क्रीनकडे बघायचा आणि म्हणायचा, “बाई, आता मजा येणार.” मजा कसली डोंबलाची, माझा घाम निघायचा. पण खोटं कशाला बोलू, त्या पायांकडे बघितलं की मलाही चेव यायचा.

मी निफाडकडची. जव्हारच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायला आले ती बदलीचा अर्ज डोक्यात घेऊनच. खोली मिळाली गुरुजींच्या शेजारी, भाताच्या गिरणीमागच्या आळीत. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, कोर्स कुणी केलाय? मी तीन महिन्यांचा केला होता, म्हणून मी कॉम्प्युटरच्या बाई झाले. मला येत किती होतं ते माझं मला माहीत. पण बातमी आळीत माझ्याआधी पोचली. घरी येते तर गुरुजी अंगणात उभे, चपला बाजूला काढून.

माझ्या दाराला बेल होती, कडी होती. गुरुजींनी ती कधीच वाजवली नाही. कुणाचंच दार ते वाजवत नसत. अंगणात उभं राहून एकदाच विचारायचे, “हाय का कोण?” आणि थांबायचे. आतून आवाज आला तर ठीक, नाहीतर पाच मिनिटांनी चपला घालून परत. पाड्यावर लोक असेच एकमेकांकडे जातात. गुरुजींचा जन्म पाड्यावरचा, नोकरी पाड्यांवरची, आणि जव्हारमध्ये पक्कं घर बांधलं म्हणून रीत बदलायची काही गरज त्यांना वाटली नाही. मी आत रेडिओ लावून बसले असताना ते दोनदा तसेच परत गेले, तेव्हा मीच चिडून म्हटलं, गुरुजी, जरा मोठ्यानं हाक मारत जा की. तर म्हणाले, मोठ्यानं मारलेल्या हाकेला माणूस घाबरून ओ देतो.

सगळी नोकरी त्यांनी प्राथमिक शाळांत काढली, साखरशेतपासून पार पोशेऱ्यापर्यंत. बिनदुधाचा चहा प्यायचे आणि खिशात उकडलेले करांदे, रानातले कंद, ठेवायचे. बोलता बोलता एक सोलून आपल्या हातावर ठेवायचे, घ्यावाच लागायचा. बोलणं शाळेतलं शुद्ध. पण आनंद झाला किंवा राग आला की घरची बोली वर यायची, आणि मग ‘नाही’चं ‘नाय’ व्हायचं. त्यावरून मला त्यांचं तापमान कळायचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “यादी म्हणजे सही-शिक्क्याची अफवा.” हे वाक्य त्यांनी माझ्या हजेरीपटावरही ऐकवलं होतं, म्हणून एकदा मी भांडायच्याच तयारीत विचारलं की याद्यांनी तुमचं काय घोडं मारलंय. तेव्हा त्यांनी सांगितलं. वावरकडे कुपोषणानं पोरं दगावली त्या वाईट वर्षांत ते पाड्यापाड्यांवर पोरं मोजत फिरत होते. एका घराला कुलूप दिसलं, शेजारी म्हणाले वीटभट्टीवर गेलेत. गुरुजींनी लिहिलं, स्थलांतरित. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परतताना उगाच वाटलं म्हणून घराच्या मागच्या बाजूला गेले. मागच्या पडवीत म्हातारी तापानं पडलेली आणि तिच्याजवळ दोन पोरं, रडायचीही ताकद नसलेली. आईबाप कामाला गेले होते, ही तिघं मागे राहिली होती. गुरुजींनी दोन्ही पोरं खांद्यांवर घेतली आणि दवाखान्यापर्यंत चालत आणली. दोघं जगली. “पण बाई, यादीत ती पोरं नव्हती,” गुरुजी म्हणाले. “आणि यादी माझीच होती. अक्षर माझंच होतं.” मी पुढे कधी त्या वाक्याची चेष्टा केली नाही.

त्यांचा नाद मात्र वेगळाच. नोकरीत असल्यापासून टेपरेकॉर्डर घेऊन ते म्हाताऱ्या माणसांचे आवाज भरून ठेवायचे. शिकारीच्या गोष्टी, औषधी पाल्यांची नावं, जात्यावरची गाणी. सगळ्यांत जास्त धवलेऱ्यांची. वारल्यांच्या लग्नात लग्न लावते ती धवलेरी. ती बाई असते आणि ती गाऊन लग्न लावते. भिंतीवर पांढरा चौक लिहिला की त्याच्यापुढे बसून ती एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. गाणं लांबच लांब आणि कुठे लिहिलेलं नाही. पोशेऱ्याकडची झिपरी आजी ही त्यातली अव्वल. तिचं पूर्ण गाणं गुरुजींकडे चार कॅसेटींत होतं आणि दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

पण जव्हारचा पावसाळा काय तो माहीत आहे ना? चार महिने कपाटातल्या चपलेलासुद्धा बुरशी. कॅसेटींवर पांढरं चढायला लागलं तेव्हा गुरुजींची मुलगी लता मदतीला आली. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोन सुट्ट्या घालवून तिनं सगळ्या कॅसेटी आपल्या लॅपटॉपवर उतरवल्या आणि गुरुजींना एक पेटी आणून दिली. जाड शब्दकोशाएवढी काळी पेटी, आत हार्डडिस्क, मागून एक वायर ब्रॉडबँडच्या राउटरला. सगळे आवाज त्या पेटीत. गुरुजींच्या कॉम्प्युटरमध्ये एवढी जागा नव्हती, आणि लताचा लॅपटॉप कंपनीचा, तो पुढे नोकरी बदलताना परत गेला. सीडी करून ठेवू का, असं गुरुजींनी मला विचारलं होतं. मी शहाणी म्हणाले, सीडी कशाला, पेटी आहे ना.

आणि मग गुरुजींनी ती गोष्ट केली जी त्यांच्याशिवाय कुणी केली नसती. उतरवून झालेल्या सगळ्या कॅसेटी ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या. कुणाकडून पायली मागून आणली तर काम झाल्यावर पायली परत देतात ना, तसं. त्यांचा आवाज, त्यांच्या घरी. मी म्हटलं, त्यांच्याकडे वाजवायला यंत्र तरी आहे का? तर म्हणे, त्याचा विचार मी का करायचा, वस्तू त्यांची.

त्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही मोखाड्याहून येताना पोशेऱ्याला उतरलो, झिपरी आजीला भेटायला. भात पिवळं झालं होतं, काढणीला आलेलं. शेतात शिरलो तर डोक्यावर घूंऽऽ असा आवाज. बघते तर या काठीपासून त्या काठीपर्यंत कॅसेटची तपकिरी पट्टी ताणून बांधलेली, वाऱ्यावर चमकतेय, गुणगुणतेय, आणि एक पाखरू पिकावर बसत नाहीये. आजीच्या मुलानं चारही कॅसेटी उलगडून सगळं शेत बांधून काढलं होतं. मी तर कपाळालाच हात लावला. गुरुजी क्षणभर पांढरे पडले, मग खो खो हसत सुटले. झिपरी आजी बांधावर बसली होती, तिला काहीच वाईट वाटलेलं नव्हतं. “माझाच गळा हाय ना,” ती म्हणाली, “मंग माझंच भात राखल.”

म्हणजे आता जे काही होतं ते त्या काळ्या पेटीत.

पेटीला ना पडदा ना बटणं. तिच्याशी बोलायचं तर कॉम्प्युटरवर तिचं पान उघडायचं, इंटरनेटवरचं पान उघडतात तसं, पत्त्याच्या जागी आकडे घालून. मग त्या पानावर दिसायचं, आत काय काय आहे, जागा किती उरली, तब्येत कशी आहे. गुरुजी पान उघडायच्या आधी पेटीकडे बघून हळूच विचारायचे, “हाय का कोण?” मी पहिल्यांदा हसले, नंतर सवय झाली.

पहिल्याच महिन्यात पान उघडेना. वीज रोज जायची यायची, आणि वीज आली की राउटर सगळ्यांना नवे पत्ते वाटायचा. पण हे आम्हाला कुठे माहीत? लताला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. एवढंच म्हणाली की पेटीचा नंबर बदलला असेल, राउटरच्या यादीत बघा. यादीत पेटी नव्हतीच. गुरुजींचे डोळे चमकले. पँट दुमडायला सुरुवात.

“एकशे ब्याण्णव हा जिल्हा,” ते म्हणाले, “एकशे अडुसष्ट तालुका, एक हा पाडा. शेवटचा आकडा म्हणजे घर. बाई, पाडा तर तोच हाय ना? मंग घरोघर विचारू.”

मी म्हटलं, गुरुजी, जुनं घर एकशे दोन होतं, तिथूनच आसपास बघू. छे! पाड्यात शिरलं की पहिल्या घरापासून जायचं, मधलं घर सोडलं तर ते रुसतं. झालं. त्यांनी चौकटीची वही काढली, आकडे मांडले, आणि मी प्रत्येक आकड्याला कॉम्प्युटरवरून हाक मारायला बसले. एक म्हणजे खुद्द राउटर. दोन, उत्तर नाही. तीन, उत्तर नाही. गुरुजी प्रत्येकापुढे सावकाश फुली मारत होते. पन्नासाव्या घरापर्यंत माझा पेशन्स संपला, सत्तराव्याला माझं डोकं उठलं. मी म्हणाले, मी आता तुमच्या पेटीचं नाव टाकते. तेव्हा त्यांनी एक करांदा सोलून हातावर ठेवला. आणि एकशे पाचव्या घरानं ओ दिली! स्क्रीनवर चार ओळी सरसर आल्या आणि आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो. भोये वहिनी चुलीपुढून धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. राउटर शंभराच्या पुढेच पत्ते वाटतो हे आम्हाला नंतर कळलं. पहिल्या अठ्ठ्याण्णव घरांत कुणी राहतच नव्हतं. मी गुरुजींना हे सांगितलं तर त्यांना त्याचंही कौतुक: “बघा, आता आपल्याला खात्रीनं माहीत झालं.”

झिपरी आजी पुढच्या श्रावणात गेली. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेली.

माघात एका सकाळी काशी आली. काशी म्हणजे झिपरी आजीची सून. वसईकडे वीटभट्टीवर होती, तिथून लग्नासाठी परत आलेली. तिच्या पाड्यावर तीन दिवसांनी लग्न होतं आणि ते तिला लावायचं होतं, धवलेरी म्हणून पहिलंच. सासूनं शिकवलं होतं. पण लग्नं लागतात माघापासून उन्हाळ्यापर्यंत, आणि ते सगळे महिने काशी दर वर्षी भट्टीवर. सुरुवातीचं येत होतं, शेवटचं येत होतं. मधलं, देवांना बोलावण्याचं लांब गाणं, तिनं पूर्ण कधी ऐकलंच नव्हतं. एखादा देव बोलवायचा राहिला तर? पोरीचं लग्न लागलं असं पाड्यानं कसं म्हणायचं? दुसरी धवलेरी आणा, असं दोघं-चौघं बोलूही लागले होते, आणि आजूबाजूला दुसरी धवलेरी नव्हती. काशी हे सगळं खाली बघून सांगत होती. शेवटी म्हणाली, “गुरुजी, सासूचा गळा तुमच्यापाशी हाय म्हणतात. मला चारच्या गाडीला जायचंय.”

गुरुजी इतके खुश झाले की काय सांगू. इतकी वर्षं भरून ठेवलेलं आज कुणाला तरी खरंच लागत होतं. मला अंगणातून हाक मारली ती जवळजवळ ओरडूनच. रविवार होता, मी धावत गेले. पेटीचा पत्ता बदलू नये अशी सोय आता लताने करून दिली होती, पान लगेच उघडलं. आणि पानावर लाल अक्षरं. डिस्क फॉरमॅट केलेली नाही. फॉरमॅट करायची? खाली दोन बटणं, ओके आणि कॅन्सल. फाइली शून्य.

माझी पाचावर धारण बसली. वायर काढली, लावली, पेटी बंद केली, चालू केली. तेच पान. लताचा फोन लागेना. नाशिकला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला माझ्या ओळखीचा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, सोपं आहे, ओके दाबा, पाच मिनिटांत पेटी सुरू होईल. मी म्हटलं, आतल्या फाइली? तर म्हणाला, पान शून्य दाखवतंय ना, मग जाणार काय? मला ते पटलं. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो, पण पटलं. शून्यातून काय जाणार? बारा वाजत आले होते, काशी दाराला टेकून बसली होती, आणि मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी बाण ओकेवर नेला.

गुरुजींनी माउस उचलला. सरळ टेबलावरून, वायरीला धरून, उंदीर शेपटीनं उचलतात तसा, आणि हवेत धरून ठेवला.

“बाई,” ते म्हणाले, “पान नाय म्हणतंय. पेटीला विचारलं का?”

मी खवळले. म्हटलं, गुरुजी, पान पेटीच दाखवतेय, ती स्वतःच सांगतेय की आत काही नाही. ते म्हणाले, मीही स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, घरात कुणी नाही म्हणून. आणि माउस कोनाड्यात ठेवून दिला. मग पँट दुमडली. 

त्यांनी पेटी बंद केली, कानाला लावली आणि मला चालू करायला सांगितली. मलाही ऐकवली. आत गरगर सुरू व्हायची, चढायची, चढायची आणि मध्येच टिक् करून बसायची. पुन्हा गरगर, पुन्हा टिक्. घाटात भरलेली एस.टी. दम टाकते तशी. गुरुजींचा चेहरा उजळत गेला. आत हाय कोणीतरी, म्हणाले. उठायला बघतंय, उठवत नाय. तिसऱ्या खेपेला ते पेटीकडे नव्हे, वरच्या बल्बकडे बघत होते. बल्ब लालसर झाला होता. मागून गिरणीची धडधड येत होती.

मग माझीही ट्यूब पेटली. पेटीबरोबर आलेला अडॅप्टर पावसाळ्यात जळला होता आणि गुरुजींनी बाजारातून दुसरा, जेमतेम ताकदीचा आणला होता. एरवी तो कसाबसा चालायचा. पण माघात लग्नसराई, लग्नाच्या जेवणावळींचं भात सडायला सगळे पाडे गिरणीवर लोटलेले, आणि गिरणीची मोटर चालू असली की आमच्या आळीत वीज उरायची नाही. डिस्क फिरतच नव्हती, मग पानाला तिच्यात काय दिसणार? कॉम्प्युटर यूपीएसवर होता म्हणून चालत होता. पेटी यूपीएसला लावून पाहिली तर त्याची म्हातारी बॅटरी किंचाळून बंद पडली. शाळेत नेऊ म्हटलं तर तिथं संध्याकाळपर्यंत भारनियमन. आणि चारची गाडी.

गुरुजी तसेच, नडग्या उघड्या, गिरणीकडे निघाले. मागोमाग मी, आणि माझ्यामागे काशी. हरीशेठ गिरणीवाला कोंड्यानं माखलेला. अर्धा तास गिरणी बंद कर म्हटल्यावर तो हसायलाच लागला. बाहेर तीसेक बाया पोती घेऊन बसल्या होत्या, पहाटे निघून आलेल्या. त्याने हात जोडले, गुरुजी, मी बंद करीन हो, पण या बाया मला मारतील. गुरुजी वळले आणि थेट बायांपुढे उभे राहिले. झिपरी धवलेरीचा आवाज एका पेटीत अडकलाय, म्हणाले, गिरणी थांबली तरच बाहेर येईल. हिला तीन दिवसांनी लग्न लावायचंय. पुढे काही नाही, हातही जोडले नाहीत. बायांमध्ये कुजबुज झाली. मग एक जाडजूड म्हातारी पोत्यावरून उठली आणि हरीशेठला म्हणाली, “थांबव रे. माझं लगीन झिपरीनंच लावलंय.”

गिरणी थांबली. असा शुकशुकाट मी त्या आळीत दिवसा कधी ऐकला नव्हता. आम्ही पळत घरी आलो, गुरुजीसुद्धा पळत, आणि मागे पोती टाकून बायाही. गुरुजींनी पेटीसमोर उभं राहून आपलं नेहमीचं विचारलं आणि बटण दाबलं. गरगर सुरू झाली. चढली. चढली. टिक् झालं नाही. आवाज एका पट्टीत स्थिर झाला, आणि मी कोनाड्यातून माउस आणून पान उघडलं तर फाइली! एकामागून एक, गुरुजींनी दिलेल्या नावांनी, गाव, पाडा, माणूस, शेकड्यांनी. मी रडत होते की हसत होते मला सांगता यायचं नाही. गुरुजी टाळ्या वाजवत होते, खरंच, शाळेतल्या पोरासारख्या.

झिपरी आजीच्या नावावर दाबलं. आधी कुठलातरी कोंबडा आरवला, मग तिचा तो चिरका, उंच आवाज घरभर झाला. अंगणात बसलेल्या बायांपैकी एक-दोघींनी पदर डोळ्याला लावले. काशी मात्र रडली नाही. ती स्पीकरला नाक लागेल इतकी जवळ जाऊन बसली आणि तिचे ओठ हलायला लागले. मधेच तिला एक नाव सापडलं तेव्हा तिनं गुरुजींकडे अशी मान वळवून पाहिलं की गुरुजींना पाणी प्यायला आत जावं लागलं.

मी सीडी करायला घेतल्या. एक नाही, पाच केल्या, माझ्या मूर्खपणाची भरपाई म्हणून. सारखं मागे-पुढे करून गाणं नीट उतरतंय का तपासत होते. हरीशेठनं अर्ध्या तासाचा तास होऊ दिला, वर आपला जुना स्टॅबिलायझर उचलून आणून दिला आणि म्हणाला, हा ठेवा, नाहीतर या बाया रोज माझी गिरणी बंद पाडतील. काशी चारच्या गाडीनं गेली. वहिनींनी माहेराहून आणलेला सीडीप्लेअर तिच्या गाठोड्यात होता, पाड्यावर वीज नव्हती म्हणून बॅटरीचे सेलही.

लग्नाला आम्हालाही बोलावणं होतं. त्या दिवसाचे गुरुजी हे माझ्या डोळ्यांसमोरचे शेवटचे गुरुजी. त्याच महिन्यात वडील आजारी पडले म्हणून मी रजेवर निफाडला आले, आणि उन्हाळ्यात, ज्या बदलीसाठी मी इतकी वर्षं तडफडत होते, ती नेमकी नको असताना झाली. नंतर फोनवर बोलणं व्हायचं. दोन वर्षांनी लताचा फोन आला तेव्हा तिनं काही बोलायच्या आधीच मला कळलं.

तर ते लग्न. मांडवात माणसं दाटीवाटीनं बसलेली, आत कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिलेला, ओलाच. काशी त्याच्यासमोर बसली. सीडीप्लेअर तिनं आणलाच नव्हता, घरीच ठेवून आली होती. आम्ही दोघं कुडाजवळ खाली चटईवर. माझा जीव टांगणीला लागलेला. गुरुजी डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, एकेक देव मोजत. काशीनं सुरुवात केली. आवाज कापत होता, मग सावरला, मग चढला. ते मधलं गाणं आलं. एक नाव, दुसरं, दहावं. अडखळली नाही. ज्यांनी दुसरी धवलेरी आणा म्हटलं होतं, ते दोघं-चौघं माना डोलवत होते.

आणि एका नावापाशी ती थांबली. दोनदा खोकली, कोरडं, घशातून, एक लांब श्वास घेतला आणि पुढचं नाव उचललं.

 तो खोकला काशीचा नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये नेमक्या त्याच नावापाशी झिपरी आजी तशीच दोनदा खोकली होती. सीडी करताना मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. पोरीनं तीन दिवसांत गाणं पाठ केलं ते खोकल्यासकट. आता तिच्याकडून जी शिकेल तीही तिथं खोकणार. मी मास्तरीण, चूक दिसली की जीभ वळवळणारच. गुरुजींच्या कानाशी वाकून मी म्हटलं, तो खोकला गाण्यातला नाही, तिला नंतर सांगायला हवं.

गुरुजींनी डोळे उघडले. ओले होते, आणि चेहराभर आनंद.

“राहू द्या बाई,” ते हळूच म्हणाले. “म्हातारी आलीय. बसू द्या तिला.”

मी जरा सरकून जागा केली.